आधी बाथरूमचे दार मोजावे : व्हीलचेअर वापरणाऱ्या सदस्यासह भाड्याचे घर शोधताना

पुण्यात भाड्याचे घर शोधणाऱ्या कुटुंबाला एजंट पहिल्यांदा विचारतो ते बजेट किती आणि वन बीएचके हवा की टू. घरात व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती असेल तर या प्रश्नांची बिनचूक उत्तरे देऊनही पाहिलेली दहा घरे वाया जातात, कारण अशा घराचा निकाल बहुतेक वेळा बाथरूमच्या चौकटीत लागतो आणि चौकटीचे माप कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते. माझा धाकटा भाऊ मणक्याच्या दुखापतीनंतर गेली नऊ वर्षे व्हीलचेअर वापरतो. या काळात आम्ही तीन भाड्याच्या घरांत राहिलो. पहिले घर आम्ही हॉल, गॅलरी आणि हवा-उजेड पाहून घेतले, आणि सामान लागल्यावर संध्याकाळी कळले की खुर्ची बाथरूमच्या दारात दोन बोटांनी अडते. पुढचे अकरा महिने भावाला खुर्चीवरून प्लॅस्टिकच्या स्टुलावर आणि स्टुलावरून कमोडवर असे दर वेळी दोनदा उचलावे लागले. खालचा मजकूर त्या अकरा महिन्यांच्या शिक्षणातून आलेला असल्यामुळे त्यात बाथरूमला इतर खोल्यांपेक्षा जास्त जागा मिळाली आहे.

शोध सुरू करण्यापूर्वी

पहिले काम घरातच करायचे आहे. व्हीलचेअरची रुंदी सर्वांत रुंद ठिकाणी, म्हणजे चाकांना बाहेरून लावलेल्या कड्यांच्या बाहेरच्या कडेपासून मोजावी. आपल्याकडच्या साध्या घडीच्या खुर्च्या साधारण २४ ते २७ इंच रुंद असतात. जी व्यक्ती स्वतः चाके फिरवते तिच्या बोटांसाठी आणि कोपरांसाठी दोन्ही बाजूंना आणखी दीड-दोन इंच धरावे लागतात, म्हणजे २५ इंचांच्या खुर्चीला २८-२९ इंचांचा मोकळा रस्ता लागतो. खुर्चीची लांबी पाय ठेवायच्या पट्ट्यांसह मोजावी, ती बहुधा ४० ते ४३ इंच भरते आणि लिफ्टमध्ये हेच माप कामाला येते. बैठकीची जमिनीपासूनची उंचीही लिहून ठेवावी. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगमताविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर आणि खुर्ची वळवायला १५० सेंटिमीटर व्यासाची जागा सांगितली आहे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ही मापे क्वचितच सापडतात, त्यामुळे ती आदर्श म्हणून डोक्यात ठेवावीत आणि घर मात्र आपल्या खुर्चीच्या मापाने तपासावे.

त्यानंतर त्या व्यक्तीचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस एका कागदावर लिहावा. कितीला उठते, शौचाला किती वेळ लागतो, अंघोळ कोण घालते, खुर्चीतून पलंगावर ती डाव्या बाजूने जाते की उजव्या, दुपारी घरात एकटी असते का, आठवड्यातून किती वेळा फिजिओथेरपीला जाते, रात्री कूस बदलायला कोण उठते, हे सगळे त्यात यावे. डॉक्टरांच्या फाइलमधले निदान घर निवडताना फारसे उपयोगी पडत नाही, हा कागद पडतो. उदाहरणार्थ, शौचाला पाऊण तास लागत असेल तर एकच बाथरूम असलेल्या घरात सकाळी ऑफिस आणि शाळा गाठायची कशी, हा प्रश्न भाडे ठरवण्याआधीच सुटायला हवा. आमच्या बाबतीत टू बीएचकेची गरज दुसऱ्या बेडरूमसाठी नव्हती, दुसऱ्या टॉयलेटसाठी होती.

हा कागद त्या व्यक्तीला विचारून लिहावा, तिच्याविषयी आपापसांत बोलून नव्हे. अगदी लहान मूल किंवा बोलू न शकणारी व्यक्ती असली तरी तिला कशाचा त्रास होतो हे घरातल्या माणसांना माहीत असते. मोठ्या माणसाच्या बाबतीत मात्र आपण परस्पर निर्णय घेऊन टाकतो आणि त्याला चावी मिळाल्यावर कळवतो. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

भाग निवडताना

भाडे कमी म्हणून शहराच्या कडेला गेलेले कुटुंब रिक्षाच्या भाड्यात ती बचत घालवते, आणि इथे रिक्षा म्हणजे घडीची खुर्ची मागे किंवा पायांपाशी बसवून घ्यायला तयार असलेला रिक्षावाला. म्हणून आठवड्यातल्या सगळ्या ठरलेल्या खेपा, म्हणजे थेरपी, शाळा, नोकरी, दवाखाना, नकाशावर टाकाव्यात आणि सर्वांत जास्त वेळा जावे लागते त्या ठिकाणाजवळ घर शोधावे. मेट्रो स्थानकांत लिफ्ट असतात, त्यामुळे स्थानकाच्या जवळचे घर सोयीचे ठरू शकते. मात्र घरापासून स्थानकापर्यंतचा रस्ता स्वतः खुर्ची ढकलत एकदा पार करून पाहावा. फूटपाथवर वाट अडवणारे लोखंडी खांब, उघडी चेंबर्स आणि कडेला एकदम नऊ इंच उतरणारा दगड यांतले काहीही नकाशावर दिसत नाही.

तळमजल्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नातेवाईक सर्वांत आधी तोच सुचवतात. पुण्यातल्या बहुतेक नव्या इमारतींत खाली पार्किंग असल्यामुळे तळमजल्यावर घरच नसते. जुन्या सोसायट्यांत आणि बंगल्यांच्या खाली ते मिळते, पण त्याला अनेकदा तीन-चार पायऱ्यांचे जोते असते. शिवाय ओल, डास आणि पाणी यांचा विचार करावा लागतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले तेव्हा आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत मुठेचे पाणी चढले तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांना अंधारात, फार थोड्या वेळात वर पळावे लागले. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी हा हिशेब वेगळा आहे. नदी, ओढा किंवा नाला पाचशे पावलांच्या आत असेल तर शेजारच्या दुकानदाराला पाणी कुठवर आले होते ते विचारावे आणि जिन्याखालच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का ते पाहावे. दुसऱ्या टोकाला चौदाव्या मजल्यावरचे घरही नको, कारण आगीच्या वेळी लिफ्ट वापरायची नसते आणि चार माणसांनी खुर्ची उचलून चौदा मजले उतरणे जमत नाही. लिफ्ट असलेल्या इमारतीतला पहिला ते तिसरा मजला मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

मध्यवस्तीतल्या पेठांचा विचार असेल तर गणपतीचे दहा दिवस दारात मांडव असतो का आणि त्या काळात रुग्णवाहिका किंवा रिक्षा कुठपर्यंत येते, एवढे विचारून घ्यावे.

फोनवरच विचारायचे प्रश्न

प्रत्येक घर पाहायला जाणे दमवणारे असते, म्हणून निम्मी घरे फोनवरच गळली पाहिजेत. गेटपासून फ्लॅटच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती, लिफ्टच्या आधी किती आणि नंतर किती, लिफ्ट किती माणसांची, वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, टॉयलेट कमोडचे आहे का आणि बाथरूमच्या दाराची आतली रुंदी किती, हे सहा प्रश्न पुरेसे आहेत. शेवटच्या प्रश्नावर एजंट बहुतेक वेळा हसतो. त्याला एवढेच सांगावे की मोबाइल गेटपाशी सुरू करून न थांबता बाथरूमच्या आतपर्यंतचा व्हिडिओ पाठवा. हा दोन मिनिटांचा व्हिडिओ तीस फोटोंपेक्षा जास्त सांगतो, कारण फोटो काढणारा पायऱ्या टाळून हॉलचा फोटो काढतो.

“एकच पायरी आहे हो, उचलून घेऊ” हे वाक्य हमखास ऐकू येते आणि ते चांगल्या मनाने म्हटलेले असते. पण ती पायरी दिवसातून चार वेळा आणि वर्षातून हजारावर वेळा येते, आणि उचलून घेणारा वॉचमन सहा महिन्यांनी बदलतो. तसेच “रॅम्प आहे” असे कळले की तो कशासाठी आहे ते विचारावे. बहुतेक इमारतींतला रॅम्प दुचाकी चढवण्यासाठी केलेला असतो. तो तीव्र चढाचा असतो आणि चाके घसरू नयेत म्हणून त्यावर आडव्या खाचा पाडलेल्या असतात.

घरात दिव्यांग व्यक्ती आहे हे मालकाला कधी सांगावे, याविषयी मतभेद आहेत. आमच्या ओळखीचे एक कुटुंब करार होईपर्यंत काहीच सांगत नाही. माझे मत असे की घर आवडल्यावर, पण टोकन देण्यापूर्वी, स्पष्ट सांगावे, कारण आपल्याला भिंतीत दांडी बसवायची आहे आणि उंबऱ्यावर उतार करायचा आहे, आणि त्याची परवानगी गुपचूप मिळत नाही. आजाराचा इतिहास सांगण्याची मात्र गरज नाही. “घरात व्हीलचेअर आहे, त्यासाठी या तीन गोष्टी लागतील” एवढे वाक्य पुरते. यावर जो मालक कुरकुरतो त्याच्या घरात राहायला गेल्यावर गिझर बिघडला तरी तीच कुरकुर ऐकावी लागते, तेव्हा त्याचा नकार आधीच मिळालेला बरा.

प्रत्यक्ष पाहणी

पाहणीला जाताना टेप, वही आणि शक्य असेल तर व्हीलचेअर न्यावी. पहिल्या फेरीला घरातल्या एकाने रिकामी खुर्ची घेऊन जावे आणि जी दोन-तीन घरे उरतील तिथे त्या व्यक्तीला न्यावे. पाहणी गेटपासून सुरू करावी, कारण आत गेल्यावर हॉल मोठा दिसला की मन वकिली करू लागते.

रॅम्पचा उतार मोजणे सोपे आहे. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी, हे प्रमाण सुरक्षित मानले जाते. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांचा आणि तीन पायऱ्यांना अठरा फुटांचा रॅम्प लागतो, हे गणित मनात ठेवले तर “इथे एक लाकडी फळी टाकू” या सूचनेतला फोलपणा लगेच कळतो. मोबाइलमधले पातळी दाखवणारे अ‍ॅप उतारावर ठेवल्यास पाच अंशांच्या आसपासचा आकडा ठीक समजावा. सात-आठ अंशांवर माणूस स्वतः चढू शकत नाही, मागून ढकलावे लागते, आणि उतरताना खुर्ची उलटी धरून न्यावी लागते.

लिफ्टमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. दाराची मोकळी रुंदी, आतली खोली आणि बटणांची उंची. सहा माणसांच्या लिफ्टचे दार साधारण ७० सेंटिमीटर असते आणि आतली खोली मीटरभर, त्यामुळे पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्याशिवाय खुर्ची बसत नाही आणि सोबतच्या माणसाला जिन्याने जावे लागते. आठ माणसांच्या लिफ्टचे दार ८० सेंटिमीटरच्या आसपास असते आणि तिथे बरेचसे प्रश्न सुटतात. काही जुन्या इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेली असते आणि ती दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर थांबते, म्हणजे लिफ्ट असूनही अर्धा जिना उरतो.

दुसऱ्या घराच्या वेळी कोथरूडच्या बाजूला एक फ्लॅट आम्हाला सर्व बाजूंनी पसंत पडला होता. मापे बसत होती, मालक चांगले होते, भाडे आवाक्यात होते. भावाला घेऊन गेलो तेव्हा त्याने लिफ्टमध्ये एकट्याने जाऊन येतो असे सांगितले आणि तो आतून बाहेरच आला नाही, कारण बटणांची पट्टी मागच्या कोपऱ्यात, खांद्याच्या वर होती आणि दार हाताने ओढायचे होते. मी दार उघडल्यावर तो म्हणाला, “इथे मला खाली चहा प्यायला जायचं तरी तुला विचारावं लागेल.” ते घर आम्ही सोडले. तेव्हापासून माझ्या यादीत प्रत्येक मापापुढे दुसरा रकाना असतो, की हे कोणाच्या मदतीशिवाय जमते का.

फ्लॅटचे मुख्य दार सहसा तीन फुटांचे असल्याने अडचण करत नाही, पण बाहेरचे जाळीचे सुरक्षा दार कोणत्या बाजूला उघडते ते पाहावे. उंबऱ्याची संगमरवरी पट्टी इंचापेक्षा उंच असली तर पुढची चाके तिथे अडतात. रबराचा छोटा उतार विकत मिळतो आणि तो मालकाच्या फरशीला हात न लावता ठेवता येतो. पलंगाच्या ज्या बाजूने चढ-उतार होते तिथे तीन फूट मोकळे राहतील का, हे पलंगाचे माप फरशीवर खडूने आखून बघावे. हवेची गादी किंवा ऑक्सिजनचे यंत्र असेल तर पलंगाजवळ सॉकेट हवे आणि इन्व्हर्टर आहे का ते विचारावे. पुण्यात गुरुवारी पाणी किंवा वीज बंद ठेवून दुरुस्तीची कामे होतात, त्यामुळे गुरुवारच्या दुपारी एकदा त्या इमारतीत चक्कर मारली की टाकी आणि जनरेटर यांची खरी परिस्थिती कळते. स्वयंपाकघराचा ओटा व्हीलचेअरला नेहमीच उंच पडतो. तिथे भिंतीला घडीचे टेबल लावून काम भागते, त्यावर घर नाकारू नये.

बाथरूम

बाथरूमचे दार साधारणपणे अडीच फुटी म्हणून सांगितले जाते, पण अडीच फुटांत चौकट धरलेली असते. चौकटीच्या आतून आत आणि दार पूर्ण उघडल्यावर पल्ल्याची जाडी वजा करून मोजले की हातात २४ ते २६ इंच उरतात. इथे इंच-दीड इंच कमी पडत असेल तर पल्ला काढून तिथे सरकते किंवा घडीचे दार बसवता येते आणि काढलेला पल्ला माळ्यावर ठेवून घर सोडताना पुन्हा लावता येतो. चौकट मोठी करण्याचा विचार भाड्याच्या घरात सोडून द्यावा. मिवान पद्धतीच्या नव्या इमारतींत भिंती पूर्ण काँक्रीटच्या असतात, तिथे तर तो प्रश्नच उद्भवत नाही. त्याच भिंतींचा एक फायदा असा की आधाराची दांडी त्यांत फार भक्कम बसते.

दार आत उघडत असेल तर ते बाहेर उघडेल असे करून घ्यावे. आत तोल जाऊन माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असा खटका लावावा. हे काम अर्ध्या दिवसाचे आणि फार कमी खर्चाचे आहे, तरी ते करायचे बहुतेकांच्या मनात अपघातानंतर येते.

कमोडची उंची टेपने मोजावी. व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून १९-२० इंचांवर आणि साधा कमोड १५-१६ इंचांवर असतो, त्यामुळे खुर्चीतून कमोडवर सरकणे सोपे जाते आणि परत येताना चार इंच चढावे लागते. त्यासाठी कमोडवर बसवायची उंच सीट मिळते. भिंतीला लटकवलेल्या कमोडची उंची फोडाफोडीशिवाय बदलत नाही, पण खालची जागा मोकळी असल्याने चाकांची कमोड खुर्ची त्यावर नेताना पुढची चाके अडत नाहीत. ती खुर्ची वापरत असाल तर ती पाहायच्या घरी नेऊन प्रत्यक्ष कमोडवर सरकवूनच पाहावी, या एका गोष्टीत मापांवर विसंबू नये. कमोडच्या शेजारी एका बाजूला तरी खुर्ची उभी राहील एवढी जागा हवी. ती नसेल आणि समोरून सरळ सरकणेही जमत नसेल, तर घर कितीही आवडले तरी पुढे जावे.

आधाराच्या दांड्या स्टेनलेस स्टीलच्या, भिंतीत खोल बोल्ट मारून बसवलेल्या असाव्यात. रबरी चकतीने टाइल्सना चिकटणाऱ्या दांड्या दुकानदार आग्रहाने दाखवतात आणि भाड्याच्या घरात भोक पाडायला नको म्हणून मोहही होतो, पण ओल्या टाइलवर ती चकती कधी सुटेल याचा भरवसा नसतो. उंचीचा आकडा पुस्तकातून घेऊ नये. त्या व्यक्तीला कमोडवर बसवून हात जिथे आपोआप जातो तिथे पेन्सिलने खूण करावी आणि भोक टाइलच्या मध्यावर न पाडता सांध्याजवळ पाडता येते का ते मिस्त्रीला विचारावे. मणक्याच्या दुखापतीत अनेकदा पायांना संवेदना नसते, त्यामुळे गरम पाण्याने भाजलेले कळत नाही. गिझरचे तापमान खाली आणता येते का आणि गरम-गार पाण्याचा एकत्र नळ आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

इतर प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारांची नोंद आहे आणि प्रत्येकाची घराकडून अपेक्षा वेगळी असते. दृष्टिहीन व्यक्तीला लिफ्ट नसलेले दुसऱ्या मजल्याचे घर मुळीच अवघड नसते, पण जिन्यात आणि बोळात दुचाकी, कुंड्या, चपलांचे स्टँड यांची रोज जागा बदलणारी गर्दी असेल तर तीच इमारत त्रासाची होते. लिफ्टच्या बटणांवर उठावदार ठिपके चिकटवायला सोसायटीची हरकत सहसा नसते. कर्णबधिर व्यक्तीसाठी बेल वाजल्यावर दिवा लागेल अशी सोय करावी आणि गेटवर फक्त इंटरकॉमची पद्धत असेल तर वॉचमनने मोबाइलवर संदेश पाठवावा असे आधीच ठरवून घ्यावे.

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी माप घ्यायचे ते आवाजाचे आणि खिडक्यांचे. सकाळी अकराला शांत वाटलेल्या घराच्या मागे मंगल कार्यालय असू शकते, म्हणून संध्याकाळी सात-आठला आणि शक्यतो लग्नसराईच्या दिवशी पुन्हा जाऊन यावे. प्रत्येक खिडकीला ग्रिल हवे, बाल्कनीच्या कठड्याला पाय ठेवून चढता येतील अशा आडव्या पट्ट्या नकोत आणि मुख्य दाराला मुलाच्या हाताच्या वर एक कडी हवी. शेजाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटून मूल कधी मोठ्याने ओरडते आणि त्याचा अर्थ काय, हे सांगितलेले बरे. कुजबूज सुरू झाल्यावर सांगितले की तेच स्पष्टीकरण सबबीसारखे ऐकू येते.

मालक आणि सोसायटी

खासगी मालकाने अमुक भाडेकरू घेतलाच पाहिजे असे सांगणारे कलम वरील अधिनियमात नाही, तेव्हा घर मिळवण्यासाठी कायद्यापेक्षा बोलणे कामाला येते. मालकाला तीन गोष्टींची भीती असते: घर खराब होईल, भाडे थकेल आणि हे लोक निघणार नाहीत. त्यामुळे बोलताना बदलांची यादी कागदावर द्यावी, प्रत्येक बदलापुढे खर्च आपला आणि घर सोडताना काय पूर्ववत करू ते लिहावे, आणि दांडी व कमोडची उंच सीट यांचे फोटो दाखवावेत. आमच्या तिसऱ्या घराचे मालक आधी नाही म्हणाले होते. दांडीचा फोटो पाहिल्यावर त्यांनी विचारले, “एवढंच? ही राहू दे मग, माझ्या आईलाही उपयोगी पडेल.”

सोसायटीचा प्रश्न वेगळा आहे. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यापूर्वी सभासदाने सोसायटीला कळवायचे असते, पण प्रत्यक्षात सेक्रेटरींकडून ना-हरकत पत्र मागण्याची प्रथा पडलेली आहे. पायऱ्यांवर कायमचा रॅम्प करायचा असेल तर ती सामायिक जागा असल्याने सोसायटीची मान्यता लागतेच आणि तो अर्ज सभासद या नात्याने मालकाच्या सहीने गेलेला चांगला. कमिटीच्या बैठकीला महिना लागतो, तोवर घडीचा अ‍ॅल्युमिनियमचा रॅम्प वापरता येतो. लिफ्टजवळची पार्किंगची जागा अदलाबदलीने मिळते का हेही विचारावे. इमारतीतल्या ज्येष्ठ नागरिकांशी आधी बोलून ठेवल्यास रॅम्पच्या अर्जाला पाठिंबा आपोआप मिळतो, कारण गुडघे सगळ्यांचेच दुखत असतात.

सामायिक जागेतल्या सोयींबाबत सोसायटी ऐकतच नसेल तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगमतेची मानके केवळ शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे नियम करावेत, असे केंद्राला सांगितले आहे. तरीही भाडेकरूने पहिल्याच महिन्यात तक्रारीची वाट धरू नये असे मी म्हणेन, कारण तिथेच राहायचे असते.

करार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी यातून सूट मिळत नाही. म्हणजे नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा करार करण्याची जी रूढी आहे तिचा आपल्याकडे उपयोग नाही, आणि दिव्यांग सदस्य असलेल्या कुटुंबाने तर ती मोडावीच. ज्या घरात दांड्या, दार आणि उतार यांवर खर्च करायचा तिथून अकराव्या महिन्यात निघावे लागू नये, म्हणून २४ किंवा ३६ महिन्यांचा करार मागावा आणि त्या बदल्यात दर वर्षीची भाडेवाढ आधीच ठरवून द्यावी.

मुद्रांक शुल्काची भीती घालून मालक किंवा एजंट लांबचा करार टाळतो, पण ते शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दर वर्षी १० टक्के धरून येणारी रक्कम, यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. महिना २५,००० रुपये भाडे, एक लाख डिपॉझिट आणि ३६ महिन्यांची मुदत धरली तर भाडे ९,००,००० आणि डिपॉझिटचे ३०,००० मिळून ९,३०,००० होतात आणि शुल्क भरते २,३२५ रुपये. महानगरपालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. तीन वेळा अकरा महिन्यांचा करार करून प्रत्येक वेळी एजंटला पैसे देण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

करारात काही वाक्ये स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत. कोणते बदल करायला परवानगी आहे, त्यांतले कोणते घर सोडताना काढायचे आणि कोणते राहू द्यायचे, भिंतीतल्या भोकांपोटी डिपॉझिटमधून काही कापले जाणार आहे का, लिफ्ट सलग किती दिवस बंद राहिली तर भाडेकरूला नोटीस कालावधी पूर्ण न करता घर सोडता येईल, आणि मालकाने घर मागितल्यास किमान किती महिने आधी सांगावे. नोटीसची मुदत सहसा एक महिन्याची ठेवतात. आम्ही ती मालकाच्या बाजूने तीन महिन्यांची करून घेतली, कारण व्हीलचेअर जाईल असे घर महिन्यात सापडत नाही हे आम्हाला अनुभवाने माहीत होते. घरात राहणाऱ्यांच्या यादीत ब्युरोकडून येणाऱ्या रात्रीच्या मावशींचा किंवा मदतनिसाचा उल्लेख असावा, म्हणजे पुढे बाहेरचे माणूस मुक्कामाला असते अशी तक्रार होत नाही. माणूस बदलत राहतो म्हणून नावाऐवजी “एक मदतनीस” असे लिहिले तरी चालते, पोलिसांकडे द्यायची माहिती मात्र प्रत्येक वेळी नव्याने द्यावी.

चावी मिळाल्यावर

चावी आणि राहायला जाणे यांत किमान आठवडा ठेवावा आणि त्या आठवड्याचे भाडे वाया गेले असे समजू नये. या दिवसांत आधी रिकाम्या घराचा पूर्ण व्हिडिओ काढून मालकाला पाठवावा, नंतर बाथरूमचे दार, दांड्या आणि उंबऱ्याचे उतार करून घ्यावेत. भोके पाडण्याचे काम सामान आल्यावर होत नाही, धुळीमुळे आणि आपल्याच आळसामुळे राहून जाते. दांडी बसवल्यावर घरातल्या सर्वांत जड माणसाने तिला लटकून पाहावे. खालच्या वॉचमनला आणि शेजारच्या दोन घरांना फोन नंबर द्यावेत आणि वीज गेल्यावर लिफ्टमध्ये अडकल्यास कोणाला बोलवायचे ते त्या व्यक्तीच्या मोबाइलमध्ये भरून ठेवावे.

सामान आणण्याच्या दिवशी टेम्पोत कमोड खुर्ची, उंच सीट, औषधांची पिशवी आणि एक बादली सर्वांत शेवटी चढवावी, म्हणजे ती सर्वांत आधी उतरते. तिसऱ्या घरी आम्ही तसे केले. हमाल कपाटाची दारे सोडवत होते तेवढ्यात भाऊ आत गेला, दार ओढून घेतले आणि दहा मिनिटांनी आतून ओरडला की साबण कुठल्या खोक्यात आहे ते बघा.